डॅनियल पॉल श्रेबर

डॅनियल पॉल श्रेबर (जन्म : २५ जुलै १८४२, लाइपझिग, मृत्यू : १४ एप्रिल १९११, लाइपझिग-ड्योझेन) हे सॅक्सनी राज्यातील एक जर्मन न्यायाधीश व लेखक होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना गंभीर मनोविकार जडला. मनोरुग्णालयात असतानाच त्यांनी आपल्या अनुभवांचे सविस्तर लेखन केले आणि १९०३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ज्या आजाराला पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हे नाव मिळाले, त्याचे रुग्णाने स्वतः केलेले इतके तपशीलवार वर्णन त्यापूर्वी क्वचितच झाले होते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९११ मध्ये या ग्रंथावर लिहिलेल्या निबंधामुळे श्रेबर हे मनोविकारशास्त्राच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या रुग्णांपैकी एक ठरले. बालपणातील मानसिक आघात, मनाचे तुकडे होण्याचा अनुभव आणि रुग्णाला होणारे स्वतःचे आकलन यांचा परस्परसंबंध काय, या प्रश्नाच्या चर्चेत त्यांच्या चरित्राचा आधार वारंवार घेतला जातो.

कुटुंब व बालपण

श्रेबर यांचे वडील डॅनियल गॉटलोब मॉरिट्झ श्रेबर (१८०८–१८६१) हे लाइपझिगमधील नामांकित वैद्य होते. अस्थिव्यंगांवर उपचार करणारी एक संस्था ते चालवीत. व्यायाम, मुलांची शरीरठेवण आणि बालसंगोपन या विषयांवर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. घरच्या घरी करावयाच्या व्यायामांवरील त्यांचे १८५५ सालचे पुस्तक अत्यंत लोकप्रिय झाले व त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. जर्मनीत शहरवासीयांना भाजीपाला व फुलझाडे लावण्यासाठी मिळणाऱ्या छोट्या बागांना आजही श्रेबर-बाग असे म्हणतात, ते याच वैद्यांच्या नावावरून. मात्र हे नाव त्यांच्या निधनानंतर इतरांनी दिलेले आहे.

मॉरिट्झ श्रेबर यांची संगोपनविषयक मते कठोर होती. तान्ह्या मुलाच्या विनाकारण रडण्यापुढे पालकांनी नमू नये, पहिल्या वर्षातच मुलाच्या इच्छेवर ताबा मिळवावा, सहा महिन्यांनंतर थंड पाण्याच्या स्नानाने शरीर काटक करावे, असे ते सांगत. मुलाने लिहिताना पुढे वाकू नये म्हणून मेजाला बसवलेली व छातीच्या वरच्या भागाशी टेकणारी लोखंडी पट्टी, मान ताठ राहावी म्हणून केसांपासून अंतर्वस्त्रापर्यंत बांधायचा पट्टा, जबड्याची वाढ नीट व्हावी म्हणून हनुवटीचा पट्टा, झोपेत कूस बदलू नये म्हणून अंथरुणाशी बांधायचे पट्टे अशी साधने त्यांनी तयार केली होती. त्यांची चित्रेही त्यांच्या पुस्तकांत आढळतात.

या दांपत्याला दोन मुलगे व तीन मुली झाल्या. डॅनियल पॉल हे तिसरे अपत्य. आई पॉलीन (१८१५–१९०७) दीर्घायुषी होती. वडिलांच्या डोक्यावर व्यायामशाळेतील लोखंडी शिडी पडल्याचे सांगितले जाते. त्यानंतर त्यांना तीव्र डोकेदुखीने ग्रासले व अखेरची काही वर्षे ते कुटुंबापासूनही बरेचसे अलिप्त राहिले. १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा डॅनियल पॉल १९ वर्षांचे होते. थोरले बंधू गुस्ताव्ह हेदेखील कायद्याच्या क्षेत्रात होते. त्यांनी १८७७ साली आत्महत्या केली.

न्यायालयीन कारकीर्द

श्रेबर यांनी लाइपझिग विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले आणि सॅक्सनीच्या न्यायसेवेत प्रवेश केला. बुद्धिमान, शिस्तप्रिय व सर्व बाबतीत मर्यादा पाळणारा अधिकारी अशी त्यांची ख्याती होती. १८७८ साली त्यांनी नाट्यक्षेत्रातील प्रसिद्ध व्यवस्थापक हाइनरिश बेर यांची कन्या ओटिली झाबीने हिच्याशी विवाह केला. पत्नी त्यांच्याहून १५ वर्षांनी लहान होती. तिचे अनेक गर्भपात झाले आणि अपत्य न होण्याचे दुःख दोघांनाही आयुष्यभर राहिले.

१८८४ साली केम्निट्स येथे वरिष्ठ न्यायाधीश असताना त्यांनी जर्मन संसदेची, म्हणजे राइशटागची, निवडणूक लढवली. राष्ट्रीय उदारमतवादी पक्षाच्या वतीने उभे राहिलेल्या श्रेबर यांचा समाजवादी उमेदवाराने पराभव केला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा पहिला आजार सुरू झाला.

पहिला आजार (१८८४–८५)

डिसेंबर १८८४ मध्ये श्रेबर यांना लाइपझिग विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. रुग्णालयाचे प्रमुख पाउल फ्लेक्सिग हे मेंदूच्या रचनेचे ख्यातनाम संशोधक होते. मनाच्या सर्व विकारांचे मूळ मेंदूच्या शरीररचनेत शोधावे, या मताचे ते होते. श्रेबर यांना निद्रानाश होता. आपले वजन झपाट्याने घटत आहे व आपण लवकरच मरणार, असे त्यांना वाटे. त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. सुमारे सहा महिन्यांनी त्यांची प्रकृती सुधारली आणि १८८६ च्या आरंभी ते कामावर रुजू झाले. पतीला बरे केल्याबद्दल झाबीने फ्लेक्सिग यांची इतकी ऋणी होती, की त्यांचे छायाचित्र तिने कित्येक वर्षे आपल्या मेजावर ठेवले होते.

पुढील आठ वर्षे सुखाची गेली. १८८९ मध्ये श्रेबर फ्रायबर्ग येथील जिल्हा न्यायालयाचे अध्यक्ष झाले.

दुसरा आजार (१८९३–१९०२)

१८९३ च्या उन्हाळ्यात ड्रेस्डेन येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या पीठाध्यक्षपदी आपली नेमणूक होणार असल्याचे श्रेबर यांना कळले. पद मोठ्या मानाचे होते आणि ते नाकारण्याची मुभा नव्हती. त्याच सुमारास आपला जुना आजार परतला आहे, अशी स्वप्ने त्यांना पडू लागली. एका पहाटे अर्धवट झोपेत, स्त्री म्हणून शरीरसुख अनुभवणे किती आनंदाचे असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. पूर्ण जागेपणी हा विचार आपण संतापाने झिडकारला असता, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

१ ऑक्टोबर १८९३ रोजी ते पदावर रुजू झाले. पाच न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि त्यातील बहुतेक सहकारी वयाने व अनुभवाने त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ होते. कामाचा भार वाढला व झोप नाहीशी झाली. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा फ्लेक्सिग यांच्या रुग्णालयात दाखल झाले. तेथे त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. सेवकांनी त्यांच्याशी झटापट करून त्यांना एका अंधाऱ्या कोठडीत डांबले. त्या रात्रीची दहशत व असहायता यांचे वर्णन त्यांच्या आठवणींत विस्ताराने आले आहे.

फेब्रुवारी १८९४ मध्ये पत्नी चार दिवसांसाठी वडिलांकडे बर्लिनला गेली आणि त्या अवधीत श्रेबर यांची अवस्था एकाएकी ढासळली. त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. फ्लेक्सिग आपल्या मज्जातंतूंशी दुरूनच संभाषण करीत आहेत, अशी त्यांची खात्री झाली. जूनमध्ये त्यांना प्रथम कोसविग येथील एका खाजगी रुग्णालयात व दोन आठवड्यांनी पिर्ना येथील झोनेनश्टाइन या सरकारी मनोरुग्णालयात हलविण्यात आले. एल्ब नदीकाठच्या जुन्या किल्ल्यातील हे रुग्णालय १८११ पासून कार्यरत होते. तेथे डॉ. गुइडो वेबर यांच्या देखरेखीखाली श्रेबर यांनी साडेआठ वर्षे काढली.

अनुभवांचे स्वरूप

श्रेबर यांच्या समजुतीनुसार माणसाचा आत्मा मज्जातंतूंत वास करतो आणि ईश्वर म्हणजे केवळ मज्जातंतूंचा अनंत समूह होय. ईश्वराचे किरण त्यांच्या देहाकडे ओढले जात आणि त्यामुळे विश्वाची व्यवस्था धोक्यात आली होती. हे किरण जुन्या वळणाच्या एका जर्मन भाषेत बोलत. श्रेबर यांनी तिला मूलभाषा असे नाव दिले. या साऱ्या संकटाचा आरंभ एका अपराधाने झाला, अशी त्यांची धारणा होती. त्या अपराधाला ते आत्म्याचा खून म्हणत. फ्लेक्सिग घराण्यातील कोणीतरी श्रेबर घराण्यातील कोणाच्या तरी आत्म्यावर ताबा मिळवला, असा त्याचा त्यांनी लावलेला अर्थ होता.

स्वत्वाच्या सीमा ढळण्याचे त्यांचे वर्णन विशेष महत्त्वाचे मानले जाते. आवाज अर्धवट वाक्ये उच्चारीत आणि ती मनात पूर्ण करणे त्यांना भाग पडे. क्षणभरही विचारशून्य विश्रांती घेण्याचा माणसाचा नैसर्गिक हक्क आपल्याकडून हिरावून घेतला आहे, अशी त्यांची तक्रार होती. एका काळात आपण मेलो आहोत असे त्यांना वाटे आणि वर्तमानपत्रात आपल्या निधनाची वार्ता वाचल्याचेही ते सांगत. भोवतालची माणसे खरी नसून घाईघाईने घडवलेल्या क्षणभंगुर आकृती आहेत, असे त्यांना भासे. त्यांच्या या जगात फ्लेक्सिग यांचा आत्माही एक राहिला नव्हता, तर त्याचे अनेक तुकडे झाले होते. ईश्वराचेही वरचा व खालचा असे दोन भाग पडले होते.

देहावर होणारे आघात ते चमत्कार म्हणून नोंदवीत. छाती इतकी आवळली जाई की श्वास कोंडे. डोके एखाद्या यंत्रात घालून पिळले जाई. माकडहाडाच्या वेदनेमुळे बसणे अशक्य होई, तर आडवे पडल्यास उठावे लागे. कधी उष्णतेचा, तर कधी थंडीचा मारा होई. या साऱ्यामुळे ते मोठ्याने ओरडत आणि म्हणून मे १८९६ पासून सुमारे अडीच वर्षे त्यांना रात्री कोठडीत ठेवले जाई.

स्त्रीरूप होण्याच्या विचाराचा अर्थही कालांतराने बदलला. आरंभी त्यात त्यांना केवळ विटंबना दिसत होती. १८९५ च्या नोव्हेंबरपासून मात्र आपल्या देहातून नवी मानवजात जन्माला यावी, अशी विश्वाचीच योजना असल्याचे त्यांनी मान्य केले. ही कल्पना स्वीकारल्यानंतर त्यांची अस्वस्थता हळूहळू कमी होत गेली. पियानो वाजवणे, पाठ असलेल्या कविता मनात म्हणणे, आकडे मोजणे, बुद्धिबळ खेळणे हे आवाजांना थोपवण्याचे त्यांचे उपाय होते. त्यांची परिणामकारकता ते स्वतः तपासून पाहत.

आठवणींचे लेखन

आधी ठेवलेल्या टिपणांच्या आधारे श्रेबर यांनी फेब्रुवारी ते सप्टेंबर १९०० या काळात मुख्य लेखन पूर्ण केले. पुढे त्याला पुरवण्या जोडल्या. घरी परतल्यावर आपले वागणे पत्नीला विचित्र वाटू नये, त्यामागची कारणे तिला कळावीत, हा त्यांचा मूळ हेतू होता. लिहिता लिहिता तो विस्तारला. आपल्या हयातीतच तज्ज्ञांनी आपल्या देहाची व अनुभवांची तपासणी करावी, अशी इच्छा त्यांनी ग्रंथात व्यक्त केली.

डेंकव्यूर्डिग्काइटेन आइनेस नेर्व्हेनक्रांकेन, म्हणजे एका मज्जाविकारग्रस्ताच्या आठवणी, हा ग्रंथ १९०३ साली लाइपझिगच्या ओस्वाल्ड मुत्झे या प्रकाशनाने काढला. आरंभी फ्लेक्सिग यांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र आहे. त्यात श्रेबर यांनी आरोपापेक्षा विचारणेचा सूर ठेवला असून, उपचारांच्या वेळी संमोहनासारखा काही प्रयोग झाला होता काय, असे विचारले आहे. ग्रंथाचे तिसरे प्रकरण कुटुंबीयांविषयी होते. छपाईपूर्वी ते संपूर्ण वगळण्यात आले व पुढे कधीच उपलब्ध झाले नाही. आई, वडील व भाऊ यांच्याविषयी श्रेबर यांना स्वतःला काय वाटत होते, हे ठरवण्यात त्यामुळे कायमची अडचण निर्माण झाली आहे.

न्यायालयीन लढा

मनोविकारामुळे श्रेबर यांचे नागरी अधिकार काढून घेण्यात आले होते. मार्च १९०० मध्ये ड्रेस्डेनच्या न्यायालयाने त्यांच्यावरील पालकत्व औपचारिकरीत्या कायम केले. त्याविरुद्ध त्यांनी स्वतः अपील तयार केले. एप्रिल १९०१ मध्ये जिल्हा न्यायालयाने ते फेटाळले आणि प्रकरण उच्च प्रादेशिक न्यायालयापुढे गेले. आजारी पडण्यापूर्वी श्रेबर याच न्यायालयात पीठाध्यक्ष होते.

१ जानेवारी १९०० पासून जर्मनीत लागू झालेल्या नव्या नागरी संहितेनुसार केवळ मनोविकार असणे हे पालकत्वासाठी पुरेसे नव्हते. त्या विकारामुळे व्यक्ती आपले व्यवहार पाहण्यास असमर्थ झाली आहे, हेही सिद्ध करणे आवश्यक होते. श्रेबर यांचा युक्तिवाद या भेदावर उभा होता. आपले मज्जातंतू आजारी आहेत, हे त्यांनी नाकारले नाही. आपले अनुभव खोटे आहेत, हे मात्र त्यांनी कधीही मान्य केले नाही. ते अनुभव आपल्या श्रद्धेच्या प्रांतातील असून पैसा, मालमत्ता व कुटुंब यांविषयीच्या निर्णयांवर त्यांचा परिणाम होत नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडले.

डॉ. वेबर यांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. तरीही श्रेबर वेबर यांच्या घरच्या जेवणाच्या मेजावर राजकारण, कायदा व कला या विषयांवर उत्तम संभाषण करतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. एकांतात आरशासमोर रिबिनी व स्वस्त दागिने घालण्याच्या श्रेबर यांच्या सवयीचाही उल्लेख झाला. श्रेबर यांनी ती लपवली नाही. त्यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही व खर्चही क्षुल्लक आहे, एवढेच त्यांनी सांगितले. आठवणी प्रसिद्ध झाल्यास कुटुंबाची बदनामी होईल, हा आक्षेपही पालकत्वासाठी पुरेसा ठरला नाही.

१४ जुलै १९०२ रोजी न्यायालयाने पालकत्व रद्द केले. श्रेबर मनोरुग्ण आहेत, याबद्दल न्यायाधीशांना शंका नव्हती, पण स्वतःचे व्यवहार पाहण्यास ते समर्थ आहेत, असे त्यांनी ठरवले. मनोरुग्णांच्या हक्कांच्या दृष्टीने हा निकाल आजही उल्लेखनीय समजला जातो. डिसेंबर १९०२ मध्ये श्रेबर झोनेनश्टाइनमधून बाहेर पडले.

अखेरची वर्षे

काही काळ आईजवळ राहून श्रेबर पत्नीसह ड्रेस्डेनला स्थायिक झाले. तेथे त्यांनी घर बांधले. या दांपत्याने एका मुलीला दत्तक घेतले. तिने पुढे श्रेबर यांची आठवण अत्यंत प्रेमळ पिता म्हणून सांगितली. आवाज पूर्णपणे थांबले नव्हते, पण ते क्षीण झाले होते आणि श्रेबर त्यांच्यासह नित्याचे जीवन जगत होते.

मे १९०७ मध्ये आईचे निधन झाले. नोव्हेंबरमध्ये पत्नीला पक्षाघाताचा झटका आला व काही दिवस तिची वाचा गेली. त्याच महिन्यात श्रेबर पुन्हा कोलमडले. त्यांना लाइपझिगजवळच्या ड्योझेन मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. यावेळी त्यांच्यात सुधारणा झाली नाही. १४ एप्रिल १९११ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी पत्नीही निवर्तली.

श्रेबर यांच्या आजाराचे अर्थ

डॉ. वेबर यांनी श्रेबर यांच्या आजाराचे निदान पॅरानोइया, म्हणजे संशयविकार, असे केले होते. ऑयगन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हा शब्द १९०८ मध्ये मांडला व १९११ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या शब्दाचा अर्थ मन दुभंगणे असा असला, तरी एका देहात दोन व्यक्ती नांदणे असा त्याचा अर्थ नाही. विचार, भावना व इच्छा यांची एकसंधता तुटणे, हे ब्लॉयलर यांना अभिप्रेत होते. त्याआधी १८८९ मध्ये फ्रान्समधील पिएर झाने यांनी मनोविच्छेदाची संकल्पना मांडली होती. मानसशास्त्रात तिला डिसोसिएशन म्हणतात. असह्य अनुभवाचा काही भाग जाणिवेपासून तुटतो आणि तो आपला न वाटता परका होऊन परत येतो, असे तिचे सार आहे. या दोन प्रक्रिया कितपत एक व कितपत भिन्न, हा वाद आजही चालू आहे आणि श्रेबर यांचे प्रकरण त्याच्या मध्यभागी आहे.

फ्रॉइड व श्रेबर यांची कधीही भेट झाली नाही. फ्रॉइड यांनी केवळ ग्रंथावरून, वडिलांविषयीचे आणि फ्लेक्सिग यांच्याविषयीचे दडपलेले समलिंगी आकर्षण हे आजाराचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. मात्र ज्याला आपण आजार समजतो तो भ्रम प्रत्यक्षात कोसळलेले जग पुन्हा उभारण्याचा रुग्णाचा प्रयत्न असतो, हा त्यांचा विचार अधिक टिकाऊ ठरला. वडिलांच्या संगोपनपद्धतीचा विचार फ्रॉइड यांनी केला नाही. उलट, एक थोर वैद्य म्हणून त्यांनी त्यांचा गौरवच केला.

ही उणीव विल्यम नीडरलँड यांनी भरून काढली. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या या मनोविश्लेषकांनी नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांच्या मनोविकारांवर मोठे काम केले होते. १९५० च्या दशकापासून त्यांनी वडिलांची पुस्तके व मुलाच्या आठवणी समोरासमोर ठेवल्या. छाती आवळणारा चमत्कार व मेजावरची लोखंडी पट्टी, डोके पिळणारे यंत्र व डोक्याचे पट्टे, थंडीचा मारा व थंड स्नाने यांतील साम्य त्यांनी दाखवले. लहानपणी ज्या वेदनेला नाव देता आले नाही, ती पन्नाशीत ईश्वराचा चमत्कार होऊन परतली, असा या मांडणीचा रोख होता. मॉर्टन शाट्झमन यांनी १९७३ च्या ग्रंथात हाच विचार टोकाला नेऊन वडिलांनाच जबाबदार धरले.

या मांडणीला हान इस्राएल्स यांनी कागदपत्रांच्या आधारे आव्हान दिले. ही साधने प्रत्यक्ष मुलावर वापरली गेली याचा थेट पुरावा नाही, तसेच कुटुंबातील आठवणींत वडिलांची प्रतिमा क्रूर माणसाची नाही, हे त्यांनी निदर्शनास आणले. झ्वी लोथाने यांनी १९९२ मध्ये चर्चेचा रोख बालपणाकडून रुग्णालयाकडे वळवला. फ्लेक्सिग यांनी रुग्णाला अर्ध्यावर सोडून देणे, कोठडी, सेवकांची मारझोड आणि अधिकार काढून घेणारी वैद्यकीय मते हेच श्रेबर यांच्या लेखी आत्म्याचा खून होते, असे त्यांचे म्हणणे आहे. एलियास कानेटी यांनी १९६० मध्ये श्रेबर यांच्या भ्रमांत सत्तेच्या लालसेचे रूप पाहिले होते, तर जाक लाकाँ यांनी १९५५–५६ च्या व्याख्यानमालेत त्यांच्या भाषेचा विचार केला.

सध्याचे संशोधन या दोन्ही बाजूंना काही अंशी दुजोरा देते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या एका संशोधनात बालपणी गंभीर प्रतिकूलता भोगलेल्यांमध्ये मनोविकृतीची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. मात्र अशी प्रतिकूलता भोगलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही आणि तो झालेल्या प्रत्येकाच्या बालपणी आघात असतोच, असेही नाही. आनुवंशिकता व मेंदूची घडण यांचाही त्यात वाटा आहे. दुसरीकडे लुई सास व योझेफ पारनास यांच्यासारखे अभ्यासक, मी आहे ही मूलभूत जाणीवच डळमळणे हा स्किझोफ्रेनियाचा गाभा मानतात. आपलेच विचार परके वाटणे, देहाच्या सीमा विरघळणे, जग खोटे भासणे या त्यांनी वर्णिलेल्या खुणा श्रेबर यांच्या ग्रंथात जागोजागी आढळतात. सास यांनी १९९४ मध्ये श्रेबर यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

स्वतःचे आकलन व त्याच्या मर्यादा

मनोविकारशास्त्रात रुग्णाला आपण आजारी आहोत याची जाणीव असणे हे सुधारणेचे लक्षण समजले जाते. श्रेबर यांचे उदाहरण या साध्या कसोटीत बसत नाही. आपल्या अनुभवांचे सत्यत्व त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. तरीही कोणते अनुभव इतरांना दिसत नाहीत, कोणते वागणे लोकांना खटकते व कोणते निर्णय आपण घेऊ शकतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. डॉक्टरांचे प्रतिकूल अहवाल व न्यायालयाचे निकाल त्यांनी आपल्याच ग्रंथाच्या परिशिष्टात छापले, म्हणजे वाचकाला दोन्ही बाजू तपासता याव्यात. तुटलेल्या जगातून सलग कथा रचण्याचे काम त्यांना पाच वर्षांचे स्वतंत्र आयुष्य मिळवून देण्यास उपयोगी पडले. कुटुंबातील मृत्यू व पत्नीचे आजारपण यांच्या आघातापुढे मात्र ते टिकले नाही.

त्यांच्या पश्चात त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी प्रत्येकी एक कारण पुढे केले. श्रेबर यांनी स्वतः वडिलांवर ठपका ठेवलेला नाही. त्यांचा रोष फ्लेक्सिग व ईश्वर यांच्यावर होता आणि वडिलांविषयीचे प्रकरण त्यांच्या वाचकांपर्यंत पोहोचलेच नाही. आघाताचा अर्थ कोणी ठरवायचा, भोगणाऱ्याने की अभ्यासकाने, हा प्रश्न त्यामुळे या प्रकरणात विशेष ठळकपणे उभा राहतो.

वारसा

इडा मॅकॅल्पाइन व रिचर्ड हंटर यांनी १९५५ मध्ये आठवणींचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतर हा ग्रंथ मनोविकारशास्त्राबरोबरच तत्त्वज्ञान, साहित्य व कायदा या विषयांच्या अभ्यासकांनीही वाचला. आवाज ऐकणाऱ्या व्यक्तींच्या स्वानुभवाला महत्त्व देणाऱ्या आजच्या प्रयत्नांच्या संदर्भातही श्रेबर यांचा उल्लेख होतो.

ज्या झोनेनश्टाइनमध्ये श्रेबर यांनी हा ग्रंथ लिहिला, तेथे नाझी राजवटीने जून १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात विषारी वायूने रुग्णांची हत्या करण्याचे केंद्र चालवले. त्यात १३,७२० मनोरुग्ण व मतिमंद व्यक्ती आणि छळछावण्यांतील हजाराहून अधिक कैदी मारले गेले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. मनोरुग्णालाही स्वतःविषयी बोलण्याचा व स्वतःचे जीवन चालवण्याचा अधिकार आहे, हे याच ठिकाणच्या एका रुग्णाने त्यापूर्वी चार दशके न्यायालयात मान्य करून घेतले होते.